वाचकांचे प्रश्न : कंबरदुखी, मोटर कंट्रोल आणि क्लिनिकल पिलाटेसचे प्रशिक्षण

फिजिओथेरपीच्या प्रशिक्षणाविषयी मराठवाड्यातील वाचकांची बरीच पत्रे साठली होती. त्यांत व्यवसाय करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत, विद्यार्थी आणि शिक्षक आहेत, आणि एक पत्र स्वतः उपचार घेणाऱ्या भगिनीचे आहे. विषय एकाच धाग्यातला असल्याने या अंकात तीच पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचा पदवीधर, झालो असून बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझे क्लिनिक आहे. माझ्याकडे कंबरदुखीचेच रुग्ण अधिक येतात, आणि त्यांत ऊसतोड कामगार बरेच. मशीन लावून आणि चार व्यायाम सांगून त्यांना आराम पडतो, पण हंगाम संपवून गावी परतले की तेच दुखणे घेऊन पुन्हा येतात. पुण्यात क्लिनिकल पिलाटेसची तीन दिवसांची कार्यशाळा आहे. शुल्क मोठे आहे. ती करावी का? आणि मोटर कंट्रोल व पिलाटेस ही एकच गोष्ट आहे का?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते स्पष्ट झाले की कार्यशाळेचा निर्णय आपला आपणच घेऊ शकाल. हालचाल करताना मेंदू, मज्जासंस्था आणि स्नायू यांचा मेळ कसा बसतो, कोणता स्नायू केव्हा आणि किती जोराने कामाला लागतो, आणि दुखण्यामुळे हा मेळ कसा बिघडतो, याचे शास्त्र म्हणजे मोटर कंट्रोल. पिलाटेस ही व्यायामपद्धती आहे. तिचे जनक जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मले, पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये नजरकैदेत होते आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाले, जिथे त्यांची व्यायामशाळा विशेषतः नर्तकांमध्ये नावारूपाला आली. ते १९६७ साली वारले. त्यांचे मूळ व्यायाम निरोगी आणि कसलेल्या शरीरांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेले होते. दुखऱ्या माणसाला त्यांतले बरेचसे झेपणारे नाहीत. म्हणून पुढे फिजिओथेरपिस्टांनी, त्यांतही ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांनी पुढाकार घेऊन, त्या व्यायामांचे सोपे टप्पे पाडले, त्यांच्या आधी तपासणीची जोड दिली आणि मोटर कंट्रोलच्या संशोधनाच्या आधारे त्यांची निवड करायला सुरुवात केली. त्याला आपण आज क्लिनिकल पिलाटेस म्हणतो. शास्त्र पक्के असेल तर पिलाटेसचे व्यायाम हे हाताशी असलेले एक चांगले साधन आहे. शास्त्र कच्चे असेल तर तीच पद्धती चाळीस व्यायामांची एक यादी होऊन बसते.

आपल्या रुग्णांचे दुखणे का उलटते, याचा विचार करताना मनोहर पंजाबी यांची मांडणी उपयोगी पडते. मूळच्या भारतीय आणि अमेरिकेत येल विद्यापीठात संशोधन केलेल्या पंजाबींनी १९९२ साली असे मांडले की कण्याचे स्थैर्य तीन व्यवस्थांवर अवलंबून असते : हाडे, गाद्या आणि अस्थिबंध ही पहिली, स्नायू ही दुसरी आणि त्या दोहोंकडून येणारी माहिती घेऊन स्नायूंना आज्ञा देणारी मज्जासंस्था ही तिसरी. एक व्यवस्था ढिली पडली तर इतर दोन काही काळ तिची उणीव भरून काढतात, आणि ती उणीव भरून काढण्याची ताकद संपली की दुखणे सुरू होते. मशीनने वेदना कमी होते, आणि दुखणाऱ्याला तेवढा आराम मिळणे ही लहान गोष्ट नाही. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यवस्थेला त्याने हात लागत नाही. रुग्ण ज्या सवयीने वाकत होता त्याच सवयीने पुन्हा वाकतो.

आता पुराव्याविषयी, कारण शुल्क भरण्याआधी ते माहीत असलेले बरे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१५ साली कंबरदुखीवरील पिलाटेसचा आढावा घेतला. त्यातील १० चाचण्यांत मिळून ५१० रुग्ण होते. किरकोळ उपचारांपेक्षा पिलाटेसने वेदना आणि अडचण अधिक कमी होते असे दिसले, मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. मोटर कंट्रोल व्यायामांच्या २०१६ सालच्या आढाव्यात २९ चाचण्या आणि २,४३१ रुग्ण होते, आणि निष्कर्ष जवळपास तोच निघाला. त्यानंतर २०२१ साली जुनाट कंबरदुखीवरील २१७ चाचण्यांची एकमेकींशी तुलना करणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात पिलाटेस, मॅकेन्झी पद्धत (ठरावीक दिशेने पुन्हा पुन्हा हालचाल करण्याचे व्यायाम) आणि कार्यक्षमता परत मिळवून देणारे कार्यक्रम हे इतर काही व्यायामप्रकारांपेक्षा थोडे पुढे दिसले. म्हणजे पिलाटेस हा चांगल्या पर्यायांपैकी एक आहे. ‘आमचीच पद्धत रामबाण’ असे जो प्रशिक्षक सांगेल, त्याच्या वर्गात पैसे घालू नयेत.

पण आपल्या प्रश्नाचे मर्म मला दुसरीकडे दिसते. आपला रुग्ण जमिनीलगत वाकून कोयता चालवतो, पाचट सोलतो, वाढ्याने मोळी बांधतो, ती तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेतो आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकतो. हे दिवाळीनंतर सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते, पहाटेपासून, कधी रात्री गाडी आली तर रात्रीही. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा माणसाला ‘वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा’ हा सल्ला देणे म्हणजे त्याला कोणताच सल्ला न देणे होय. त्याला चटईवर पडून हात-पाय उचलायला शिकवले आणि तिथेच थांबलो, तर मोळीखाली उभे राहण्याची त्याची तयारी झालेली नसते, आणि दुखणे उलटण्याचे एक मोठे कारण मला हेच वाटते.

त्याच्यासाठी उन्हाळा आणि पावसाळा हा उपचाराचा काळ आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चटईवरचे पिलाटेस जरूर द्या : पाय दुमडून उताणे झोपून श्वासासह ओटीपोटाची हालचाल, कंबर उचलण्याचा पूल, गुडघे-हातांवर येऊन कणा स्थिर ठेवत पाय मागे नेणे. वेदना निवळली आणि नियंत्रण आले की लगेच उभ्या स्थितीत या. कमरेऐवजी खुब्यातून वाकणे, एक पाय पुढे टाकून वाकणे, मग अर्धे भरलेले धान्याचे पोते उचलणे, आणि दसऱ्याच्या सुमारास त्याच्या खऱ्या ओझ्याजवळ पोहोचणे. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, तेव्हा दोघांनाही एकत्र शिकवावे. एकाला समजलेली गोष्ट फडात दुसरा आठवण करून देतो.

कार्यशाळेच्या आयोजकांना फोन करून एवढे जरूर विचारा की तीन दिवसांत खरे रुग्ण तपासायला मिळणार आहेत का, तपासणीवर किती वेळ दिला जाणार आहे, आणि नंतर आपण आपल्या रुग्णाची केस पाठवली तर कोणी त्यावर बोलणार आहे का. सगळा वेळ एकामागून एक व्यायाम करून दाखवण्यात जाणार असेल, तर त्या पैशांत चटया, एक मोठा चेंडू, रबरी पट्टे आणि भिंतीवर एक मोठा आरसा घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. उत्तरे समाधानकारक मिळाली तर मात्र अवश्य जा.

प्रश्न : मी लातूरला इंटर्नशिप करते आहे. आम्हाला कंबरदुखीच्या रुग्णाला बेंबी आत ओढायला शिकवा असे शिकवले गेले. ओपीडीतील एक वरिष्ठ म्हणतात की हे सगळे जुने आणि चुकीचे ठरले आहे. विद्यार्थ्याने कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याचा उगम एकाच संशोधनात आहे, म्हणून ते संशोधन आधी समजून घ्या. १९९६ साली क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी कंबरदुखीचे १५ रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती घेऊन त्यांना हात झटकन उचलायला सांगितला आणि पोटाच्या स्नायूंचे विद्युतसंकेत बारीक तारांनी नोंदवले. निरोगी लोकांत हात हलायच्या आधीच ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस हा पोटाचा सर्वांत आतला स्नायू कामाला लागत होता. रुग्णांत तो उशिरा जागा होत होता. त्याच वर्षी ज्युली हाइड्स यांनी दाखवले की कंबरदुखीचा पहिला झटका ओसरला तरी कण्यालगतचा मल्टिफिडस स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्यांच्या ३९ रुग्णांच्या पाठपुराव्यात, विशिष्ट व्यायाम केलेल्यांपैकी वर्षभरात ३० टक्के लोकांना दुखणे उलटले, तर व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. रुग्णांची संख्या लहान होती, पण निष्कर्ष लक्ष वेधणारा होता.

अडचण पुढे झाली. ‘हा स्नायू उशिरा जागा होतो’ या निरीक्षणावरून ‘म्हणून प्रत्येकाने तो सतत आवळून धरावा’ असा अर्थ काढला गेला, जो त्या संशोधनात नव्हता. जगभरच्या व्यायामशाळांत आणि क्लिनिकांत लोक दिवसभर पोट आवळून फिरू लागले. काही रुग्णांची अडचण तर नेमकी उलट असते : ते आधीच भीतीने पोट, पाठ आणि श्वास धरून ठेवतात, लाकडासारखे ताठ हलतात, आणि त्यांना आणखी आवळायला सांगितले की दुखणे वाढते. ऑस्ट्रेलियातील पीटर ओ’सुलिव्हन यांनी कंबरदुखीच्या रुग्णांचे गट पाडताना हा भेद आग्रहाने मांडला. तेव्हा आपले वरिष्ठ जे म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि शिक्षकांनी शिकवलेलेही टाकाऊ नाही. ते कोणत्या रुग्णाला आणि किती दिवस द्यायचे, हा भाग शिकायचा राहिला आहे.

इंटर्नशिपमध्ये आपण हे स्वतःच्या बोटांनी अनुभवू शकता. रुग्णाला उताणे, गुडघे दुमडून झोपवा. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक चाचपा आणि तिथून दोन बोटे आत व किंचित खाली आपली बोटे ठेवा. रुग्णाला सावकाश श्वास सोडताना बेंबीखालचा भाग अगदी हलकेच आत घ्यायला सांगा. बोटांखाली एक संथ, खोल ताण जाणवला तर ठीक. बोटे एकदम बाहेर ढकलली गेली किंवा छातीचा पिंजरा खाली ओढला गेला, तर वरचे मोठे स्नायूच काम करत आहेत असे समजावे. कॉलेजात प्रेशर बायोफीडबॅक युनिट, म्हणजे हवेची पिशवी आणि तिच्यातला दाब दाखवणारा काटा असलेले साधन, असेल तर रुग्णाला पालथे झोपवून पिशवी पोटाखाली ठेवा, दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरपर्यंत येईल एवढी हवा भरा आणि कणा न हलवता दाब ६ ते १० मिलिमीटरने उतरवून दहा सेकंद टिकवता येतो का ते पाहा. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो रुग्णाला स्वतःच्या शरीरात काय चालले आहे हे दाखवतो, आणि शिकण्याच्या पहिल्या आठवड्यात तेवढा उपयोग पुरेसा आहे. नंतर तो बाजूला ठेवता आला पाहिजे.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगर येथील फिजिओथेरपी महाविद्यालयात मी शिकवतो. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकल पिलाटेसची ओळख करून द्यावी अशी इच्छा आहे, पण आमच्याकडे रिफॉर्मर हे स्प्रिंगांवर चालणारे पिलाटेसचे यंत्र नाही, वर्ग मोठा आहे आणि तासिका मोजक्या आहेत. काय साधता येईल?

उत्तर : आपल्या पत्राने मला मनापासून आनंद झाला, कारण हे काम पदवीच्या वर्गातच सुरू झाले पाहिजे. रिफॉर्मर नसण्याचे वाईट वाटून घेऊ नका. स्प्रिंगांनी भार कमी-जास्त करता येतो हा त्याचा गुण खराच, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला त्याचा फार उपयोग होतो. पण त्याची किंमत लाखांच्या घरात जाते आणि आपले बहुतेक विद्यार्थी पुढे जिंतूर, अंबड, औशासारख्या गावांत एका खोलीच्या क्लिनिकमध्ये बसणार आहेत. त्यांना चटईवर, खुर्चीवर आणि भिंतीला टेकून काम करता आले पाहिजे.

सुरुवात व्यायामाने न करता पाहण्याने करावी असे मी सुचवीन. हान्नू लुओमायोकी यांनी २००७ साली कंबरेच्या हालचालीवरील नियंत्रण तपासणाऱ्या सोप्या चाचण्यांचा अभ्यास केला : खुब्यातून पुढे वाकणे, ओटीपोट मागे कलवणे, एका पायावर उभे राहणे, बसून गुडघा सरळ करणे, गुडघे-हातांवर पुढे-मागे डुलणे, पालथे झोपून गुडघा दुमडणे. यांना उपकरण लागत नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, प्रत्येकाने जोडीदाराचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि सगळ्या वर्गाने ते एकत्र पाहून मत द्यावे. पहिल्या तासाला एकाच चित्रफितीवर वर्गात चार मते पडतात. हळूहळू ती एकाकडे येऊ लागतात, आणि डोळा तयार होतो तो असा.

एक पाठ मी सविस्तर सांगते, कारण तो कोणत्याही वर्गात घेता येईल. एक सरळ काठी घ्या आणि विद्यार्थ्याच्या पाठीवर उभी धरा, अशी की ती डोक्याच्या मागच्या भागाला, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला अशा तीन ठिकाणी टेकेल. आता त्याला गुडघे किंचित सैल ठेवून पुढे वाकायला सांगा. बहुतेकांची काठी खालच्या टोकाला सुटते, म्हणजे खुबा हलण्याआधी कंबर गोल होते. काहींची डोक्याकडे सुटते. ‘काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहू द्या आणि मागची भिंत बुडाने शोधा’ एवढेच सांगा, इतर काही बोलू नका. पाच-सहा प्रयत्नांत बहुतेकांना जमते. मग काठी काढून घ्या आणि तेच करायला सांगा. काहींचे पुन्हा बिघडते. मग हातात पाण्याने भरलेली बादली द्या. आणखी काहींचे बिघडते. या अर्ध्या तासात विद्यार्थ्याला कळते की मदत असताना जमणे, मदतीशिवाय जमणे आणि ओझे असताना जमणे हे तीन निरनिराळे टप्पे आहेत. फिट्स आणि पोझ्नर यांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले, आधी विचारपूर्वक, मग सुधारत, मग सहज. ते फळ्यावर लिहायचे असतील तर या पाठानंतर लिहावेत.

या पाठातच एक सावधगिरी सांगावी. कणा गोल होणे हा गुन्हा नाही. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन काढणाऱ्या, जमिनीलगत ऊस तोडणाऱ्या माणसाचा कणा वाकणारच, आणि तो वाकण्यासाठीच घडलेला आहे. वाकताना खुबा आणि कंबर यांत काम वाटून घेता येणे, आणि दर थोड्या वेळाने स्थिती बदलता येणे, हे आपण शिकवतो. ‘कधीच वाकू नका’ असे सांगितलेला रुग्ण घाबरतो, आणि घाबरलेल्या रुग्णाचे दुखणे लांबते.

सूचना देण्याच्या भाषेवर खास वेळ द्या. गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून केलेल्या संशोधनातून असे दिसत आले आहे की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या स्नायूंवर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर किंवा बाहेरच्या वस्तूवर ठेवले तर कौशल्य अधिक चांगले शिकले जाते. आपले विद्यार्थी इंग्रजीतून पाठ केलेल्या सूचना रुग्णापुढे तशाच उच्चारतात, आणि रुग्ण मान हलवून गप्प राहतो. त्यांना त्यांच्या गावच्या मराठीत सूचना तयार करायला सांगा. पुरुष रुग्णाला ‘करदोडा पोटापासून किंचित सुटा होईल एवढेच पोट आत घ्या’ असे म्हटले तर जे कळते, आणि एखाद्या मावशींना ‘परकराच्या नाडीवरचा ताण थोडा कमी होऊ द्या, मावशी, श्वास मात्र धरू नका’ असे म्हटले तर जे जमते, ते ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिसचे नाव घेऊन जमत नाही. चमक निघाली, कंबर धरली, पायात गोळा येतो, मुंग्या येतात, या तक्रारींचे नेमके वर्णन रुग्णाकडून काढून घेणे हाही याच अभ्यासाचा भाग आहे.

शेवटी परीक्षेविषयी. ज्याची परीक्षा घेतली जाते तेच विद्यार्थी शिकतात, म्हणून व्यायामांची नावे आणि आवर्तने विचारू नका. विद्यार्थ्याला एक रुग्ण द्या, एक हालचाल तपासायला सांगा, एकच व्यायाम निवडायला सांगा, आणि दहा मिनिटांनी तीच हालचाल पुन्हा तपासून काय बदलले ते सांगायला लावा. काहीच बदलले नाही असे प्रामाणिकपणे सांगून दुसरा व्यायाम निवडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत.

प्रश्न : मी जालन्यात जिम चालवतो आणि पिलाटेस प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. फलकावर ‘क्लिनिकल पिलाटेस’ असे लिहू शकतो का?

उत्तर : लिहू नये. ‘पिलाटेस’ हे नाव कोणाच्याही मालकीचे नाही; अमेरिकेतील न्यायालयाने २००० सालीच तसा निकाल दिला. पण ‘क्लिनिकल’ म्हटले की रुग्णाला तपासून त्याच्या दुखण्यानुसार व्यायाम ठरवण्याची जबाबदारी येते, आणि ती नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टची आहे. यात मानापमानाचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे. पिलाटेसच्या चटईवरील अनेक व्यायामांत पाठ गोल करून उठायचे असते. मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली झालेल्या अभ्यासात, मासिक पाळी थांबलेल्या आणि मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांपैकी ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले होते त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांना नव्याने दबून मोड आली, आणि मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. आपल्याकडे साठीच्या बाई कंबर दुखते म्हणून आल्या, तर त्यांना आधी तपासणीसाठी पाठवा. गावातील एखाद्या फिजिओथेरपिस्टशी जोडून घेतलेत, त्यांनी तपासून पाठवलेल्या आणि बऱ्या झालेल्या लोकांना आपण पुढे नियमित व्यायाम दिलात, तर दोघांचेही काम वाढेल आणि लोकांचेही भले होईल.

प्रश्न : नांदेडहून पुण्या-मुंबईला वारंवार जाणे परवडत नाही. ऑनलाइन प्रशिक्षण चालेल का?

उत्तर : सिद्धान्त, संशोधनाचे वाचन, चित्रफिती पाहून हालचालीचे विश्लेषण, एवढ्यासाठी उत्तम चालेल, हात कुठे ठेवायचा आणि किती दाबायचा, हे मात्र पडद्यावरून येत नाही. आपल्या परिसरातील चार-पाच फिजिओथेरपिस्टांनी गट करून दर पंधरवड्याला एकमेकांच्या रुग्णांना, त्यांच्या संमतीने, एकत्र तपासावे आणि वर्षातून एकदा अनुभवी शिक्षकाला नांदेडला बोलवावे. एकट्याने बाहेरगावी जाऊन येण्यापेक्षा यात खर्च कमी पडतो आणि शिकणे वर्षभर सुरू राहते.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली. कंबर सतत दुखते, हंडा उचलला किंवा खोकला आला की लघवी थेंबभर सुटते. येथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी मशीन न लावता श्वासाचे आणि खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम दिले आहेत. घरचे म्हणतात, हे कसले उपचार? मी काय करावे?

उत्तर : ताई, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत हे फार चांगले केलेत. हीच तक्रार असलेल्या कितीतरी स्त्रिया ती कोणालाही सांगत नाहीत. आपल्या फिजिओथेरपिस्टनी योग्य दिशेने सुरुवात केली आहे. छातीखालचा श्वासपटल, पोटाचा आतला स्नायू, कण्यालगतचा मल्टिफिडस आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकमेकांच्या मेळाने काम करतात. खोकताना किंवा ओझे उचलताना पोटातला दाब वाढतो, त्या क्षणी तळाचे स्नायू वेळेवर आवळले गेले नाहीत की लघवी सुटते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणांनंतर आणि वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्यानंतर हा मेळ अनेकींचा बिघडतो, आणि तो सरावाने बऱ्याच प्रमाणात परत येतो. किमान तीन महिने रोज करण्याची तयारी ठेवा. व्यायामाला लघवी रोखून धरण्याची जोड देऊ नका, आवळताना श्वास धरू नका, आणि हंडा उचलण्याच्या क्षणाआधी हलकेच आवळून श्वास सोडत उचला. हे जमू लागले की समजा उपचार लागू पडतो आहे.

हे उत्तर फिजिओथेरपिस्टांनीही वाचावे असे मला वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ साली राज्यात समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून अधिक महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या स्त्रिया आपल्या ओपीडीत कंबरदुखी म्हणूनच येतात. त्यांना शस्त्रक्रियेविषयी आणि लघवीविषयी विचारायचे कसे, पडदा आणि स्त्री-सहकारी यांची सोय कशी करायची, खूप लाजणाऱ्या रुग्णाला चाचपणीशिवाय कसे शिकवायचे, हे मराठवाड्यात दिल्या जाणाऱ्या कोणत्याही मोटर कंट्रोलच्या प्रशिक्षणात असलेच पाहिजे. ज्या अभ्यासक्रमात ओटीपोटाच्या तळाला अर्धा तास दिलेला असतो, तो येथील रुग्णांच्या दृष्टीने अपुरा आहे.

ताई, आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आणि घरच्यांनाही वाचून दाखवा. लघवी थेंबभर सुटणे आणि लघवी अडकणे किंवा नकळत पूर्ण होणे यांत फरक आहे. लघवी अचानक अडकली किंवा नकळत पूर्ण झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होत चालली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर संध्याकाळी ताप, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारी वेदना असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. यांपैकी काहीही नसेल, तर आपल्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे ठरल्या दिवशी जात राहा, आणि पुढच्या भेटीत त्यांना आपला रिकामा हंडा नेऊन दाखवा, म्हणजे तो भरून कमरेवर घेण्याची रीत त्या आपल्याकडून तिथेच करून घेतील.